रकाना अकरावा : पुराचे पाणी

खुलाशाच्या फॉर्मवरच्या अकराव्या रकान्यात बाईंनी ‘नाही’ असे लिहिले आणि समोर बसलेले शंकासुर सावध झाले.

रकान्यातला प्रश्न साधा होता. ‘या घरात कधी पुराचे पाणी शिरले आहे काय?’ घर विकणाऱ्याने खरे काय ते लिहावे, खाली सही करावी आणि घेणाऱ्याने ते वाचून निर्धास्त व्हावे, अशी त्यामागची कल्पना. पण शंकासुर विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यात सव्वीस वर्षे कारकून होते. जळालेली गोदामे, बुडालेली दुकाने, गच्चीवरून खाली आलेल्या टाक्या हे त्यांचे रोजचे वाचन. आणि त्यातल्या प्रत्येक फायलीच्या पहिल्या पानावर कुणीतरी असेच निळ्या शाईत ‘नाही’ लिहिलेले असायचे. दुसऱ्या पानावर फोटो. बाईंनी ‘हो, आलं होतं, कमरेपर्यंत’ असे लिहिले असते तर शंकासुरांना एक वेळ बरे वाटले असते. निदान कमरेच्या वर गेले नव्हते एवढे तरी कळले असते.

शंकासुर हे नाव त्यांना ऑफिसने दिले होते. बायकोला ते पहिल्यांदा कळले तेव्हा ती म्हणाली होती, “फारच सौम्य आहे.”

“बरं,” फॉर्म हातात घेत शंकासुर म्हणाले, “आणि खरं काय?”

हा त्यांचा ऑफिसातला प्रश्न. कुणी काहीही सांगितले की तोंडातून आपोआप निघायचा. बायकोने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

“हे खरंच आहे की,” बाई हसून म्हणाल्या. वय अडुसष्ट, पाठ ताठ, केस मुलासारखे कापलेले. गावातल्या तलावावर त्यांनी चाळीस वर्षे पोहायला शिकवले होते, त्यामुळे गल्ली त्यांना कोचबाई म्हणे. आता त्या दुसऱ्या गावी बहिणीकडे राहायला जाणार होत्या. “महिनाअखेरीपर्यंत सांगा. तोवर दुसऱ्या कुणाला दाखवत नाही. तुमच्या मिसेसना घर फार आवडलेलं दिसतंय.”

मिसेसना घर आवडण्याचे कारण एकच होते. ते जमिनीवर होते. शंकासुरांचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्यांच्याजवळ राहणाऱ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. आठ महिन्यांपूर्वी त्या जिना चढून वर आल्या त्या आल्याच. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल टाकून खाली कोण जाते-येते ते बघत बसायच्या. बायकोने या आठ महिन्यांत एकोणीस घरे पाहिली. एकोणीसही शंकासुरांनी नापास केली. एकावर झाड कललेले होते, एकाच्या मागे गॅसचे गोदाम होते आणि एक घर त्यांना विनाकारण फार शांत वाटले होते. हे विसावे.

बाहेर पडून फाटक लागते न लागते तोच शंकासुर कुजबुजले, “प्लग पाहिलेस?”

“पाहिले. चांगले आहेत.”

“खांद्याइतके वर आहेत! सगळ्या खोल्यांत. माणूस प्लग खांद्याशी कधी बसवतो? खाली पाणी येतं तेव्हा.”

“किंवा वाकता येत नाही तेव्हा. विचारायचं होतं ना त्यांना.”

“विचारलं की लोक ठरवून उत्तर देतात. न विचारता कळलं पाहिजे. दारामागे लाइफ जॅकेटं किती होती? सात! घरात माणूस एक आणि जॅकेटं सात. कागदपत्रं बघ, घट्ट झाकणाच्या डब्यात.”

“अहो, त्या पोहायला शिकवायच्या.”

“मी तेच म्हणतोय. चाळीस वर्षं ही बाई लोकांना पोहायला शिकवतेय. अख्खं गाव तयार करून ठेवलंय तिने. कशासाठी?”

बायको थांबली. एरवी ती अशा वेळी हसायची, पण या खेपेला हसली नाही. “मला आईला खाली आणायचंय,” ती म्हणाली. “तुम्ही हवी तेवढी चौकशी करा. पण महिनाअखेरीला मला हो किंवा नाही पाहिजे. खरं काय, ते नको.”

शंकासुरांनी मंगळवारी रजा टाकली.

चौकशी कशी करायची याचे त्यांचे शास्त्र होते. सरळ विचारायचे नाही, बोलण्याच्या ओघात काढून घ्यायचे. कोचबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी एका न्हाव्याचे दुकान होते. गल्लीत काय घडले आणि काय घडणार, हे न्हाव्याला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? शंकासुर आत गेले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुर्चीत बसले. न्हाव्याने गळ्याभोवती पांढरे कापड बांधले आणि त्यांची मान पुढे दाबली.

“बारीक करू?”

“करा. दाढीपण करा,” शंकासुर छातीकडे बघत म्हणाले. “मी काय म्हणतो, समजा तुमच्या दुकानात गुडघाभर पाणी आलं, तर ही खुर्ची वर किती जाते?”

कात्री थांबली. “का हो?”

“सहज. हा आरसा खिळ्यावर आहे की स्क्रूवर?”

“खिळ्यावर.”

“अरेरे,” शंकासुर मनापासून म्हणाले.

कात्री पुन्हा चालू झाली, पण आता तिच्या आवाजात पहिल्यासारखा दम नव्हता. न्हाव्याने हळूच विचारले, “साहेब कुठे असतात कामाला?”

“विमा कंपनीत. दाव्यांकडे.”

“म्हणजे बुडाल्यावर येतात ते?”

“तेच. या वेळी म्हटलं आधी जाऊन बघावं.”

न्हाव्याची कात्री घसरली आणि शंकासुरांच्या मानेवर डाव्या कानामागे जिन्यासारख्या दोन पायऱ्या पडल्या. त्यानंतर न्हाव्याने तोंडभर फेस लावला आणि नजर वर न करता दाढी उरकली. आपल्या प्रश्नांनी समोरचा गप्प झाला, याचा शंकासुरांनी एकच अर्थ काढला. माणूस लपवतोय. बाहेर येऊन त्यांनी खिशातून टेप काढला, दुकानाच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतची उंची मोजली, डायरीत लिहिली आणि दोनदा मान हलवली. न्हावी काचेतून बघत होता.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटे नाही, पण तो राक्षस दाढी करून घेऊन स्वतःच्या पायांनी घरी जातो हे त्या म्हणीत सांगितलेले नाही.

शनिवारी बायको पडद्यांची मापे घ्यायला निघाली आणि शंकासुर भिंतींना ओल आहे का ते बघायला. गल्लीच्या तोंडाशी आले तर न्हाव्याच्या दुकानाला कुलूप. गल्लीत पाऊल टाकले आणि शंकासुरांनी बायकोचा दंड धरला.

गल्ली वर चालली होती. एका घरात चार माणसे कपडे धुण्याचे यंत्र दोरीने गच्चीवर ओढत होती. दुसऱ्या घराच्या उंबऱ्यावर वाळूच्या पिशव्यांची कंबरभर भिंत, आणि त्या घरातल्या आजोबांना कुणीतरी पिशव्यांवरून उचलून आत ठेवत होते. एक इलेक्ट्रिशियन घरोघर फिरून सगळ्यांचे प्लग खांद्याइतके वर घेत होता. डोक्यावर गादी घेतलेल्या एका काकूंना शंकासुरांनी अडवले.

“काय झालं हो?”

“अजून झालं नाही. होणारंय,” गादीखालून काकू म्हणाल्या. “पूर येणारंय.”

“कोण म्हणालं?”

“विमा कंपनीचा मोठा साहेब येऊन मोजून गेला. उंचच्या उंच माणूस. रस्त्यावर उभा राहिला, मोजलं आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणे त्याच्या. आधी आम्हाला वाटलं, न्हावी थापा मारतोय. पण मग कोचबाईचे प्लग आठवले. तिला आधीपासून ठाऊक असणार!”

“बघ!” शंकासुर बायकोकडे वळले. “विमा कंपनीचा माणूस रडला! आमच्यात कुणी रडत नाही गं. सव्वीस वर्षांत मी एकालाही रडताना पाहिलेलं नाही. काय पाहिलं असेल त्याने?”

“तुमचीच कंपनी का?”

“असेल. वरच्या लोकांना आधी कळतं. आम्हा कारकुनांना कोण सांगतंय?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. माणूस स्वतःच्या सावलीला घाबरतो हे आपण ऐकलेले असते, शंकासुर स्वतःच्या मापाला घाबरले होते.

कोचबाईंच्या अंगणात तर त्यांचे उरलेसुरले अवसान गळाले. तिथे ओळीने सहा स्टुले मांडलेली. पाच स्टुलांवर एकेक मोठा माणूस पोटावर आडवा, हातपाय हवेत, आणि बाई शिट्टी फुंकत मधून फिरत होत्या. “एक, हात पुढे. दोन, बाजूला. गुडघे वाकवू नका काका, तुम्ही बेडूक नाही.” शंकासुरांना पाहून त्या पुढे आल्या.

“या, या. काय चाललंय मला काही कळत नाही बघा. चाळीस वर्षं मी बोलवत होते तेव्हा या गल्लीतून एक जण आला नाही. आता दोन दिवसांत सगळ्यांना पोहायचंय. म्हटलं, शिकवते.”

शंकासुरांना भिंतीची ओल बघायची शुद्ध राहिली नाही. एका रिकाम्या स्टुलावर ते बसले, तर बाईंनी सवयीने सांगितले, “पोटावर.”

सोमवारी ऑफिसात त्यांनी साहेबांना गाठले. “साहेब, त्या गल्लीत आपल्याकडून कुणी मोजायला गेलं होतं का?”

साहेबांनी आधी दाराकडे पाहिले, मग दार लावून घेतले. “तुम्हालाही कळलं तर. आपल्याकडून कुणी नाही गेलं. पण त्या एका गल्लीतून चार दिवसांत पुराच्या विम्याचे सतरा अर्ज आलेत. सतरा! लोक काय उगाच विमा काढतात? त्यांना काहीतरी माहीत आहे. दुसऱ्या कंपनीचा माणूस मोजून गेलेला दिसतोय.”

“मग आपण काय करायचं?”

“केलं. सगळे अर्ज परत पाठवले. त्या गल्लीला आपण आता विमा देत नाही.”

विमा कंपनीने अर्ज परत पाठवले, म्हणजे पूर येणार हे नक्की, असे गल्लीने मानले. गल्ली इतकी घाबरली म्हणजे पूर येणार हे नक्की, असे साहेबांनी मानले. आणि शंकासुरांनी दोन्ही बाजू मानल्या, कारण ते मुळात न्यायी स्वभावाचे होते.

शेवटचा आधार नकाशाचा. बुधवारी ते नगररचनेच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने मोठा कागद टेबलावर पसरून चारी कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले. नदी होती, नदीकाठाने निळी पूररेषा होती आणि कोचबाईंची गल्ली त्या रेषेपासून चांगली चार बोटे दूर होती.

“बघा. कोरडी ठणठणीत,” कारकून म्हणाला.

शंकासुरांना क्षणभर भरून आले. आणि मग जे व्हायचे तेच झाले. “बरं,” ते म्हणाले, “आणि खरं काय?”

कारकुनाचा चेहरा बदलला. “म्हणजे तुम्हीही ऐकलंय. काल त्या गल्लीतून तीस जणांच्या सहीचा अर्ज आलाय. विमावाल्यांनी हात वर केलेत म्हणे. आता आम्हाला नुसतं बसून कसं चालेल?” त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि शंकासुरांच्या डोळ्यांदेखत गल्लीभोवती ठिपक्यांची रेघ ओढली. आत बारीक अक्षरात लिहिले, ‘पाहणी होणे बाकी’.

“घाबरू नका. पेन्सिलच आहे,” तो म्हणाला.

सव्वीस वर्षांत शंकासुरांनी पुष्कळ भयंकर कागद पाहिले होते. पण या पेन्सिलीने त्यांचे धाबे दणाणले. घरी येताना बसमध्ये त्यांना एकच चित्र दिसत राहिले. आपण ऑफिसात आहोत, बायको बाजारात गेलीय, दाराच्या फटीतून पाणी आत येतेय आणि सासूबाई खाटेवर बसून, कुणाला त्रास नको म्हणून, हाकही मारत नाहीत. त्या तशाच होत्या. शंकासुरांना पोहता येत नव्हते, धावता येत नव्हते, आणि सासूबाईंचे काही बरेवाईट झाले तर आपल्याला सहन होणार नाही हे त्यांना त्या बसमध्ये अगदी स्पष्ट कळले. हे त्यांनी कधी कुणाला सांगितले नव्हते. घरी जाऊन बायकोला सांगितले.

तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “आणि इथे तिसऱ्या मजल्यावर आग लागली तर?”

ही शक्यता आपल्याला आजवर सुचली कशी नाही, याचेच शंकासुरांना आश्चर्य वाटले. आता ते दोन्ही घरांना घाबरू लागले.

शुक्रवारी कोचबाईंचा फोन आला. आवाजात शिट्टी होती. “माझ्या घराभोवती पेन्सिल फिरलीय. आता अकराव्या रकान्यात मी काय लिहू? रविवारी सकाळी सगळ्या गल्लीला बोलावलंय. ही वावडी उठवली कुणी, ते समोरासमोर ठरवू. तुम्हीही या. तुम्ही विम्यातले, तुम्हाला कळेल.”

“मी त्या माणसाला चार शब्द सुनावणार आहे,” शंकासुर बायकोला म्हणाले.

“सुनावा,” बायको म्हणाली. “आणि आईला घेऊन जाऊ. घर मिळो न मिळो, तिला एकदा बघू तरी द्या.”

सामान हलवणारी दोन माणसे बोलावली. सासूबाईंना हातांच्या खुर्चीत बसवले, ओढणीने बांधले, आणि मिरवणूक निघाली. शंकासुर पुढे, तोंड वर करून, उलटे उतरत, दोन्ही हात पसरून. खुर्ची सुटलीच तर झेलायची अशी त्यांची तयारी होती. बावन्न पायऱ्या ते असे उतरले. तळाशी पोचल्यावर सगळ्यांत जास्त धाप त्यांनाच लागली होती.

कोचबाईंच्या पुढच्या खोलीत गल्ली दाटीवाटीने बसली होती. सासूबाईंची खुर्ची दाराशी ठेवली, शंकासुरांना मध्यभागी जागा दिली. बाईंनी शिट्टी वाजवली. “कुणी सांगितलं पूर येणार?”

सगळ्यांनी बोट केले गादीवाल्या काकूंकडे. काकूंनी केले इलेक्ट्रिशियनकडे. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “मला न्हाव्याने सांगितलं.” तेवढ्यात न्हावी उशिरा आला तो मागच्या दारातून, आणि बसायला जागा नाही म्हणून शंकासुरांच्या पाठीमागे उभा राहिला.

“मी कशाला खोटं सांगू?” तो म्हणाला. “प्रत्यक्ष साहेबाची दाढी केली मी. सहा फूट माणूस. एकेक प्रश्न असा विचारायचा, की...” आणि तो थांबला.

न्हावी खाली वाकला. शंकासुरांना आपल्या मानेवर त्याचा श्वास जाणवला. मग एक बोट डाव्या कानामागे अलगद टेकले.

“या दोन पायऱ्या माझ्या आहेत,” न्हावी म्हणाला. “हे डोकं माझ्या हातचं आहे.”

“काहीतरीच काय!” काकू म्हणाल्या. “तो उंच होता.”

“खुर्ची वर केली होती मी.”

बायकोने हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे पाहिले. शंकासुरांच्या डोळ्यांसमोरून न्हावी, काकू, सतरा अर्ज, साहेब, तीस सह्या आणि ती पेन्सिल अशी सगळी मिरवणूक उलट्या दिशेने गेली आणि त्यांच्याच टेपपाशी येऊन थांबली. इतक्या लोकांसमोर धरणी पोटात घेईल तर बरे, असे त्यांना वाटले. मग धरणी म्हणजे भूकंप, हेही आठवले.

“मी रडलो नव्हतो,” एवढेच ते म्हणाले.

मग जो गलका झाला तो इथे सांगण्यासारखा नाही. धुण्याचे यंत्र खाली कोण उतरवणार, वाळूचे काय करायचे, प्लग आता खाली घ्यायचे की राहू द्यायचे, सगळे एकदम बोलू लागले. वाळूच्या भिंतीपलीकडचे आजोबा आपल्या घराच्या खिडकीतून ओरडले, त्यांना आठ दिवसांत कुणी बाहेर काढलेले नाही. शेवटी कोचबाईंनी शिट्टी फुंकली.

“अहो, पण मला सरळ का नाही विचारलंत?”

शंकासुर उठून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सरळ प्रश्न विचारला. “प्लग इतके वर का आहेत?”

“कंबर. चाळीस वर्षं गार पाण्यात उभी होते. वाकता येत नाही.”

“आणि पाणी? कधीच आलं नाही?”

बाईंनी दारातून अंगणाकडे पाहिले. न्हावी पुढे सरकला.

“आलं होतं,” बाई म्हणाल्या. “एकदा. बत्तीस वर्षं झाली. अंगणात आलं, घोट्याएवढं. त्या पायरीला लागलं आणि तासाभरात गेलं. घरात शिरलं नाही. फॉर्ममध्ये घरातलं विचारलंय, म्हणून मी नाही लिहिलं. तुम्ही अंगणाचं विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

आपली शंका खरी निघाली की माणसाला आनंद व्हायला हवा. शंकासुर मात्र पुन्हा खाली बसले. “ऐकलंस?” ते बायकोला म्हणाले. “घोट्याएवढं. म्हणजे येतं. येऊ शकतं. मी म्हणत होतो ना?”

बायकोने फॉर्मची घडी केली. तिचे डोळे भरले होते आणि ते तिला कुणाला दाखवायचे नव्हते. “चला,” ती म्हणाली. “आईला वर न्यायला माणसं थांबलीयत.”

“जावईबापू,” दारातून सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्याकडे इतका वेळ कुणाचे लक्षच नव्हते. पण त्यांच्या आजूबाजूला चार बायका बसल्या होत्या, हातात कुणाचे तरी लहान मूल होते, आणि कुणीतरी दिलेला चहा त्यांनी संपवलेला दिसत होता.

“आठ महिन्यांत तिसऱ्या मजल्यावर मला भेटायला कोण आलं, सांगा बघू.”

शंकासुरांनी विचार केला. त्यांना खोटे बोलता येत नसे. “डॉक्टर.”

“एकदाच. जिना चढून त्यालाच छातीत धरलं, परत आला नाही. मी वर असते तर कुणी येत नाही. इथे बत्तीस वर्षांत एकदा का होईना, पाणी तरी येऊन गेलं.”

सासूबाईंनी मूल शेजारणीकडे दिले, ओढणीची गाठ सोडली आणि खुर्चीचे हात धरून उभ्या राहिल्या. दाराची चौकट धरली. एक पाय पुढे टाकला.

“आई!” शंकासुर माणसे ओलांडत धावले, हात पसरून. “सांभाळून! तिथे पायरी आहे!”

“एकच आहे,” सासूबाई म्हणाल्या, आणि उतरून अंगणात गेल्या.